दुसऱ्या बाळाचा हिशेब आणि पाळणाघराची वेळ

आमची मुलगी दोन वर्षांची असताना कर्वेनगरमधल्या ज्या पाळणाघरात जात असे, त्याची वेळ संध्याकाळी साडेसहापर्यंत होती. ते चालवणाऱ्या काकू मायाळू होत्या, परंतु त्यांनाही स्वतःचे घर होते, रात्रीचा स्वयंपाक होता आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले सासरे होते. त्यामुळे साडेसहा म्हणजे साडेसहाच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. २०१५ च्या जुलैमधल्या एका संध्याकाळी मी बंडगार्डन रस्त्यावरच्या कार्यालयातून पावणेसहाला निघाले आणि नळस्टॉपच्या चौकात पावसामुळे बस अशी अडकली की, शेवटी उतरून चालत निघाले तरी पाळणाघराच्या दारात पोचायला सव्वासात झाले. आत खेळणी आवरून ठेवलेली होती, सतरंजी गुंडाळून भिंतीशी उभी केली होती, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, आणि माझी मुलगी दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर पायात बूट, अंगात रेनकोट आणि पाठीला दप्तर अशी पूर्ण तयारीनिशी बसलेली होती. ती रडत नव्हती. "सगळे गेले," एवढेच ती म्हणाली. काकूंनी उशिराचे पन्नास रुपये घेतले नाहीत. "असू दे गं, पाऊस आहे," म्हणाल्या. ते पैसे त्यांनी घेतले असते तर मला जरा बरे वाटले असते.

त्या काळात आमच्या घरी दुसऱ्या अपत्याचा विचार चालू होता. नातेवाईक "आता दुसरा चान्स कधी?" असे विचारत होते, पण त्यांच्या विचारण्यामुळे नव्हे, आम्हा दोघांनाही मनापासून दुसरे मूल हवे होते, आम्ही दोघेही भावंडांत वाढलेलो आहोत. त्या रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही एक वही उघडून बसलो. मी व्यवसायाने लेखापाल असल्याने पानाच्या मधोमध रेघ ओढून जमा आणि खर्च मांडण्याची मला सवयच आहे. मुलीच्या पाळणाघराचे महिन्याला ४,५०० रुपये जात होते. काकू एक वर्षाखालचे मूल घेत नसत, म्हणून तान्ह्या बाळासाठी मोठे खासगी केंद्र पाहावे लागणार होते आणि तिथे ११,००० रुपये सांगितले होते. घराचा हप्ता १९,००० होता. माझा पगार हातात ३२,००० येत असे. त्या वेळी प्रसूतीची भरपगारी रजा कायद्याने १२ आठवड्यांचीच होती, म्हणजे तीन महिन्यांचे बाळ कोणाच्या तरी स्वाधीन करून मला कामावर हजर व्हावे लागले असते. माझे पती चाकणला पाळीत काम करतात. सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले होते आणि माझी आई सोलापुरात माझ्या आजारी वडिलांजवळ होती. पैशांचा हिशेब ओढूनताणून बसलाही असता. परंतु संध्याकाळी साडेसहाला दारात कोण उभे राहणार, या ओळीपुढे आम्हाला काहीच लिहिता आले नाही. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून वही मिटली. पुढच्या वर्षीही तेच म्हटले. मी सदतीस वर्षांची झाले तेव्हा आम्ही ते म्हणणे बंद केले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, जन्मदर घटण्याची चर्चा अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येते आणि त्या चर्चेत तरुण जोडप्यांना मुले नकोच आहेत, त्यांना मौजमजा हवी आहे, असा एक सूर हमखास ऐकू येतो. मला तो सूर अन्यायाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर सुमारे २.९ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याचा तो अंदाज असतो आणि लोकसंख्या पिढ्यानपिढ्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ च्या आसपास असावा लागतो. देशाचा दर त्याच फेरीत २.० होता. याचा अर्थ महाराष्ट्र ती रेषा केव्हाच ओलांडून खाली गेला आहे.

या घसरणीतला मोठा भाग चांगलाच आहे, हे आधी निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. ज्या कर्वेनगरात आम्ही राहतो त्याला ज्यांचे नाव आहे, त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी आयुष्यभर हालअपेष्टा आणि खटले सोसले. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हेच काम नेटाने पुढे नेले. माझ्या पणजीला अकरा बाळंतपणे झाली आणि त्यांतली पाच मुले जगली. तिला कोणी कधी विचारले नव्हते. नको असलेले बाळंतपण टाळता येणे ही बायकांची मिळकत आहे आणि जन्मदर वाढवण्याच्या नावाखाली तिला धक्का लावण्याचा कोणालाही अधिकार नाही. मला बोलायचे आहे ते याच्या दुसऱ्या बाजूविषयी, म्हणजे हवे असूनही न झालेल्या मुलांविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ च्या अहवालासाठी भारतासह चौदा देशांत केलेल्या पाहणीत, हवी तेवढी मुले होऊ न देण्याची कारणे विचारली असता भारतातल्या ३८ टक्के लोकांनी पैशांची अडचण सांगितली होती. घराची अडचण, नोकरीची अशाश्वती आणि मूल सांभाळण्याची भरवशाची सोय नसणे ही कारणेही त्यात ठळक होती. आमच्या वहीतल्या ओळी मला त्या यादीत जवळजवळ क्रमाने सापडल्या.

मग सरकारने किंवा महापालिकेने स्वस्त आणि भरवशाची पाळणाघरे काढली, तर लोक अधिक मुले होऊ देतात का? या प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षे पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यातला मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा अभ्यास नॉर्वेचा आहे. तिथे पाळणाघरे सगळ्या नगरपालिकांत एकाच वेळी निघाली नाहीत. काही ठिकाणी आधी, काही ठिकाणी बऱ्याच उशिरा निघाली, त्यामुळे सोय असलेल्या आणि नसलेल्या गावांतल्या स्त्रियांची आयुष्ये शेजारी ठेवून पाहता आली. रॉनल्ड रिंडफस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असा निष्कर्ष मांडला की, शाळेपूर्वीच्या वयाच्या मुलांसाठी एकही जागा नसणे आणि १०० पैकी ६० मुलांसाठी जागा असणे, या दोन परिस्थितींत एका स्त्रीला होणाऱ्या मुलांच्या सरासरीत सुमारे ०.५ ते ०.७ इतका फरक पडतो. हा आकडा वरवर लहान दिसतो, पण दोन घरांपैकी एका घरात एक भावंड अधिक, असा त्याचा अर्थ लावला की त्याचे वजन कळते.

जर्मनीची कहाणी मला आपल्या अधिक जवळची वाटते. पश्चिम जर्मनीत तीन वर्षांखालच्या मुलाला घरात आईनेच सांभाळायचे, ही समजूत कालपरवापर्यंत इतकी घट्ट होती की, नोकरीसाठी मूल दुसऱ्याकडे ठेवणाऱ्या बाईला नावे ठेवणारा एक स्वतंत्र शब्दच त्या भाषेत आहे. २००५ नंतर तिथल्या सरकारने लहान मुलांच्या पाळणाघरांचा मोठा विस्तार हाती घेतला आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क दिला. या विस्ताराचा जिल्हावार अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की, दर शंभर मुलांमागे दहा जागा वाढल्या की जन्मदर जवळपास तीन टक्क्यांनी वाढतो. स्वीडनने २००२ मध्ये पाळणाघराच्या शुल्काला कमाल मर्यादा घातली, तेव्हा ज्या कुटुंबांचा खर्च अधिक कमी झाला त्यांच्यात जन्मांचे प्रमाणही वाढलेले दिसले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर या दराने पाळणाघरे सुरू केली आणि तिथे आयांच्या नोकऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले; पुढच्या दशकात त्या प्रांताचा जननदरही वर गेला, जरी त्याच सुमारास तिथे पालकत्वाच्या रजेचेही नियम सुधारले असल्याने श्रेय नेमके कोणाला किती, हे सांगणे अवघड आहे. क्वेबेकमधून एक इशाराही मिळतो: घाईने जागा वाढवताना दर्जा सर्वत्र सांभाळला गेला नाही आणि काही मुलांमध्ये अस्वस्थता व आक्रमकता वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले. पहिले मूल जिथून रोज संध्याकाळी कोमेजून परत येते, तिथे दुसरे ठेवायचा विचार कोणते आईबाप करतील?

इथवरचे वाचून पाळणाघरे काढली की प्रश्न सुटला असे कोणाला वाटेल, तर पुढचे आकडेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवेत. फिनलंडमध्ये शाळेपूर्वीच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क १९९६ पासून आहे, तरीही तिथला जननदर २०१० मध्ये १.८७ होता तो २०२३ मध्ये १.२६ वर आला. नॉर्वेत २००९ पासून जागेचा कायदेशीर हक्क आहे. त्याच वर्षी १.९८ असलेला दर २०२३ मध्ये १.४० झाला. स्वीडनही त्याच वाटेने १.४५ पर्यंत उतरला. दक्षिण कोरियाने २०१३ पासून पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा पाळणाघराचा खर्च, कुटुंबाचे उत्पन्न न पाहता, उचलायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ होता. म्हणजे सोय वाढली आणि जन्म घटले.

या दोन प्रकारच्या आकड्यांमध्ये मला विरोध वाटत नाही. पाळणाघरामुळे मूल हवेसे वाटू लागत नाही. ते आधीपासून हवे असेल आणि अडलेले असेल, तर ती अडचण थोडी दूर होते. नॉर्वेतल्या गावागावांतली तुलना हे अडलेले मोकळे होणे मोजते. फिनलंडमधली अलीकडची घसरण बहुतांशी पहिले मूलच न होण्यामुळे झालेली आहे. लग्न किंवा सोबत राहणेच लांबले, जोडीदार मिळाला नाही, घर परवडले नाही, तर पाळणाघर कितीही चांगले असले तरी त्याच्या दारापर्यंत कोणी पोचतच नाही. कोरियात कामाचे तास इतके लांब आणि शिकवण्यांचा खर्च इतका जड आहे की, पहिल्या पाच वर्षांची सोय फुकट मिळूनही पुढच्या पंधरा वर्षांची धास्ती उरते. आणि घरातले काम तिथेही बाईच्याच माथी आहे. आपल्याकडे या बाबतीत वेगळे काय आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे ते काम करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. पाळणाघर दिवसाचे आठ तास उचलेल, पण रात्री दोन वाजता ताप मोजायला उठायचे कोणी, हे त्याच्या हातात नाही. आमच्या घरी ते काम दोघांनी वाटून घेतले होते, म्हणूनच निदान वही उघडण्यापर्यंत आम्ही आलो, असे मला आज वाटते.

पुण्यात आजवर हा सगळा भार कोणी उचलला, याचा विचार केला तर उत्तर एकच येते, आणि ते म्हणजे आजी. आजी हे या शहराचे सर्वांत मोठे आणि कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारे पाळणाघर आहे. सकाळी नऊच्या सुमारास कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपळे सौदागर, कुठल्याही सोसायटीच्या बागेत जाऊन पाहिले, तर बाबागाडी ढकलणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या असतात. त्यांतल्या कित्येक जणी लातूर, जळगाव, सांगली किंवा नागपूरहून आलेल्या असतात. गावी एकटे राहिलेले आजोबा हाताने भात लावून खात असतात, आणि आजी मात्र तीन महिने मुलाकडे, तीन महिने मुलीकडे अशा वाटल्या गेलेल्या असतात. हे प्रेमाने केलेले असते, यात शंका नाही. परंतु एका मुलाच्या मागे तीन वर्षे धावल्यावर सत्तरीकडे झुकलेल्या बाईने दुसऱ्यासाठीही कंबर कसावी, ही अपेक्षा क्रूर आहे. पुढच्या काळात तर ही सोयही आटत जाणार, कारण आज तिशीत असलेल्या मुलींच्या आया स्वतः नोकरीत आहेत आणि साठीपर्यंत राहणार आहेत. पहिल्याच्या वेळी आजी असते, दुसऱ्याच्या वेळी नसते. आमच्या ओळखीतल्या निदान चार घरांत दुसरे मूल न होण्याचे खरे कारण एवढेच होते, आणि ते त्या घरांनी कधी उघडपणे बोलून दाखवले नाही, कारण बोलले तर आजीला लागले असते.

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा अधिक स्त्री कामगार असल्या की पाळणाघर काढण्याची अट होती आणि बायकांची भरती तिसाच्या आतच थांबवण्याचा मोह त्या अटीतच दडलेला होता. नव्या तरतुदीत स्त्री-पुरुष असा भेद न करता सगळे कर्मचारी मोजले जातात, ही सुधारणा मोलाची आहे. परंतु रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा असल्यामुळे नुकतेच लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत काय काय विचारले जाते, ते मी कार्यालयात लेखापाल म्हणून बसून अनेकदा ऐकले आहे. आमच्याच कार्यालयात २८ माणसे आहेत. पुण्यातली दुकाने, दवाखाने, वकिलांच्या व सनदी लेखापालांच्या कचेऱ्या, शिकवणीवर्ग, भोसरीतली छोटी वर्कशॉप, यांतल्या बहुसंख्य ठिकाणी पन्नासचा आकडा कधीच गाठला जात नाही. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीतल्या मुलीला सोय मिळते, आणि तिच्याकडे जेवणाचा डबा पोचवणाऱ्या बाईला मिळत नाही. शिवाय २६ आठवडे संपल्यावर बाळ सहा महिन्यांचे असते आणि अंगणवाडीत पूर्ण वेळ बसण्याचे वय तीन वर्षे. मधली अडीच वर्षे ज्याची त्याने निभावायची.

आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची गोष्ट इथे सांगितली नाही तर हा लेख अर्धा राहील. त्या दत्तवाडीत राहतात. त्यांना दोन मुले आहेत आणि दुसऱ्या बाळंतपणातच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा लहान होता तेव्हा वस्तीतली अंगणवाडी सकाळी भरायची आणि दुपारी दीडच्या सुमारास खिचडी देऊन सुटायची. त्यामुळे त्या सकाळची तीनच घरे धरू शकत होत्या. दुपारचे आणि संध्याकाळचे काम मिळत असूनही सोडावे लागत होते. पुढे घरभाडे वाढले तेव्हा त्यांनी संध्याकाळची दोन घरे घेतली, आणि तिसरीतली मोठी मुलगी दुपारच्या शाळेला दांडी मारून भावाजवळ बसू लागली. एकदा ताईंनी त्या दोघांना आमच्याकडे आणले होते. नऊ वर्षांची ती मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन, कंबर एका बाजूला काढून, इतक्या सराईतपणे उभी होती की, माझ्या मुलीने तिला "ताई, तू बस ना," असे दोनदा म्हटले तरी तिला बसायचे सुचले नाही. ती चौथीत नापास झाली नाही, कारण त्या इयत्तेत नापास करतच नाहीत. पण तिला सहावीतही नीट वाचता येत नव्हते.

ताईंना तिसरे मूल नको होते आणि नाही. त्यांच्या वस्तीत दिवसभराचे पाळणाघर असते तर जननदराच्या आकड्यात काडीचाही फरक पडला नसता. तरीही त्या पाळणाघराची गरज माझ्यापेक्षा त्यांना दसपट होती. म्हणूनच "जन्मदर वाढवायचा आहे, यासाठी पाळणाघरे काढा" असा जो युक्तिवाद अलीकडे ऐकू येऊ लागला आहे, तो माझ्या सोयीचा असूनही मला पटत नाही. हेतू जन्मदराचा ठेवला की हिशेबही जन्मांचाच होतो. दोन-चार वर्षांत आकडा हलला नाही की योजना फसली असे ठरवून पैसे काढून घेता येतात. नॉर्वेचा अभ्यास सांगतो की या सोयीचा परिणाम बाईच्या पूर्ण आयुष्यावर पसरलेला असतो आणि तो दिसायला दशके लागतात, कारण ही सोय उद्याही असेल असा भरवसा बसावा लागतो. दुसरे असे की, जे सरकार जन्म मोजू लागते ते हळूहळू बायकांना मोजू लागते. आपण तो अनुभव उलट्या दिशेने घेतलेलाच आहे. याच महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक मुले असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही आणि २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीही मिळत नाही. तिकडे आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची तशीच अट काढून टाकली आणि तिथले नेते आता अधिक मुले होऊ द्या असे सांगत आहेत. कधी कमी, कधी जास्त; हुकूम मात्र तिलाच.

खरे म्हणजे आपल्याला सुरुवात शून्यातून करायची नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यातूनच मुलांच्या अंगणात जाऊन भरणारी अंगणवाडी ही कल्पना आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे आहेत. इतके विणलेले जाळे फार थोड्या देशांकडे आहे. त्याच जाळ्यात पाळणाघर गुंफण्याची कल्पनाही कागदावर आलेली आहे: आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचे २६ दिवस आणि रोज साडेसात तास, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या पंचवीस मुलांची सोय होती आणि गरीब कुटुंबाला महिन्याला वीस रुपये व जास्त उत्पन्नाच्या कुटुंबाला दोनशे रुपये असे नाममात्र शुल्क होते, २०२२ पासून तीच "पाळणा" या नावाने अंगणवाडीला जोडून राबवण्याचे ठरले आणि देशभरात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. १४ लाखांपुढे १७,००० किती, हे सांगायला लेखापाल लागत नाही.

या विस्ताराची खरी किल्ली सेविका आणि मदतनीस यांच्या हातात आहे. त्यांना मिळतो तो पगार नसून मानधन आहे, आणि त्या शब्दाच्या आडून त्यांच्या कामाला पन्नास वर्षे नोकरी म्हणून मान्यता नाकारली गेली. त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला, तेव्हा ताईंच्या वस्तीतली अंगणवाडीही बंद होती आणि तिथल्या बायका मुलांना काखोटीला मारून कामावर येत होत्या. तरी संपाविरुद्ध मी त्यांच्यापैकी कोणाकडून एक शब्द ऐकला नाही. चार तासांचे साडेसात-आठ तास करायचे असतील, तर त्या बायकांचे मानधनही त्या मापाने आणि त्याहून अधिक वाढले पाहिजे, तान्ह्या बाळाला कसे धरावे, दूध कसे पाजावे, गुदमरलेल्या मुलाला काय करावे, याचे रीतसर प्रशिक्षण त्यांना मिळाले पाहिजे, आणि केंद्राला पाणी, पंखा, स्वच्छतागृह व मुलांना आडवे होता येईल एवढी जागा मिळाली पाहिजे. आणि वेळ. वेळेचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढते, कारण पुण्यात कामावरून घरी पोचण्याचा तास मोजला नाही तर साडेसात तासांचे पाळणाघरही अपुरेच पडते. महापालिकेच्या ज्या शाळा दुपारनंतर रिकाम्या असतात, त्यांच्या खोल्यांत संध्याकाळी सातपर्यंत लहान मुलांना सांभाळायची सोय केली, तर त्याचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या एका खांबाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.

यामुळे पुण्याचा जननदर पुन्हा दोनच्या वर जाईल का? मला तसे वाटत नाही, आणि जावा अशी माझी मागणीही नाही. काही घरांत दुसरे मूल येईल. काही घरांत पहिले दोन वर्षे लवकर येईल आणि त्यामुळे पस्तिशीनंतरच्या उपचारांचे फेरे वाचतील. काही घरांत संख्या तीच राहील, पण बाईची नोकरी टिकेल. अर्थात तिथेही सगळेच सुटणार नाही, कारण पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या डेन्मार्कमध्येसुद्धा पहिल्या मुलानंतर बाईची कमाई दीर्घकाळात सुमारे वीस टक्क्यांनी मागे राहते, असे तिथल्या आकडेवारीवरून दिसून आले आहे. दत्तवाडीतल्या घरांत मोठी बहीण शाळेत जाईल.

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातली एक तरुण सहकारी २६ आठवड्यांची रजा संपवून परत आली आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मला चांगल्या पाळणाघराचा फोन नंबर मागितला. आमच्या काकूंनी गुडघ्यांमुळे पाळणाघर केव्हाच बंद केले आहे. मी ओळखीच्या तीन ठिकाणचे नंबर दिले. त्यांतल्या दोन ठिकाणी सांगितले की वर्षाखालचे बाळ घेत नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी दिवाळीपर्यंत जागा नाही. सध्या तिची आई उदगीरहून आलेली आहे. त्यांचे परतीचे तिकीट पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेचे आहे, कारण घरी दुसऱ्या मुलीचे बाळंतपण आहे.